म्युनिसिपल बाँड फंडाचा दीर्घकालीन परतावा: अमेरिकेतले आकडे आपल्या उपयोगाचे आहेत का?

निपाणीकर (प्रश्न)

नमस्कार. मी निपाणी येथील एका हायस्कुलातून निवृत्त झालेला शिक्षक आहे. माझी पुंजी सध्या एका राष्ट्रीयीकृत बँकेत आणि दोन सोसायट्यांत मुदत ठेवींच्या रूपाने आहे. मुलगी आणि जावई न्यू जर्सीत असतात. जावईबापूंनी तिथल्या एका म्युनिसिपल बाँड फंडात, म्हणजे शहरे व राज्ये कर्जासाठी जे रोखे काढतात ते घेणाऱ्या फंडात, बरीच रक्कम ठेवली आहे. त्यांचे म्हणणे असे की या फंडाच्या उत्पन्नावर कर लागत नाही, शहरे सहसा बुडत नाहीत आणि 1980 पासूनचा इतिहास पाहिला तर परतावा उत्तम आहे. म्हणून मीही निवृत्तीच्या रकमेतला काही भाग तिकडे वळवावा. हा इतिहास नेमका काय सांगतो, आणि तो माझ्यासारख्या इथे राहणाऱ्या पेन्शनरला लागू होतो का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

टिळकवाडी_बेळगाव

गुरुजी, आपल्या जावयांचे म्हणणे त्यांच्या जागी चुकीचे नाही, परंतु '1980 पासून' या शब्दांत बरेच काही दडलेले आहे. 1981 मध्ये अमेरिकी सरकारच्या 10 वर्षांच्या रोख्यांवरील व्याज 15 टक्क्यांच्या वर गेले होते आणि 2020 च्या उन्हाळ्यात ते अर्ध्या टक्क्याच्या आसपास आले. व्याजदर उतरला की जुन्या, जास्त व्याजाच्या रोख्यांची किंमत चढते. त्यामुळे या 40 वर्षांच्या परताव्यात व्याजाबरोबर दर उतरण्याचा लाभही मिसळलेला आहे. तेवढी उतरण पुन्हा मिळायची तर दर आधी तेवढे चढावे लागतील, आणि तो चढ हातात फंड असलेल्याला सुखाचा नसतो.

अलीकडचा काळ घ्या. अशा रोख्यांच्या एकूण बाजाराचा परतावा मोजणारा ब्लूमबर्गचा म्युनिसिपल बाँड निर्देशांक 2020 मध्ये 5.21 टक्के आणि 2021 मध्ये 1.52 टक्के वाढला, 2022 मध्ये 8.53 टक्के पडला, 2023 मध्ये 6.40 टक्के आणि 2024 मध्ये 1.05 टक्के वाढला. म्हणजे 2020 च्या आरंभी ठेवलेले 10,000 डॉलर 2021 अखेर 10,681 झाले, वर्षभराने 9,770 वर आले आणि 2024 अखेर 10,504 वर पोहोचले. पाच वर्षांत पाच टक्के! त्याच पाच वर्षांत अमेरिकेतील महागाई 20 टक्क्यांहून अधिक वाढली. 2014 ते 2023 ही 10 वर्षे धरली तर वार्षिक चक्रवाढ दर 3.03 टक्के निघतो. निर्देशांकाला खर्च नसतो, फंडाला असतो. तो यातून आणखी वजा करायचा.

याच्या उलट 1994 मध्ये हा निर्देशांक 5.17 टक्के पडला आणि पुढच्याच वर्षी 17.46 टक्के वाढला. तेव्हा व्याजदर बराच वर असल्याने नवे रोखे भरघोस व्याज देत होते आणि तोटा लवकर भरून निघाला. 2022 ची पडझड मात्र अत्यंत कमी व्याजाच्या पायरीवरून झाली. म्हणून फंड घेताना मागच्या सरासरीपेक्षा आजचे व्याज किती आहे हे आधी पाहावे.

शहरे बुडत नाहीत हे बहुतांशी खरे आहे, पूर्ण खरे नाही. 2013 मध्ये डेट्रॉइट शहराने सुमारे 18 अब्ज डॉलरच्या देण्यांसह दिवाळखोरी जाहीर केली आणि पोर्तो रिको या अमेरिकी प्रदेशाचे प्रकरण त्याहून कितीतरी मोठे होते. तरीही 2022 चा तोटा कोणी पैसे बुडवल्यामुळे झाला नव्हता, तो व्याजदरामुळे झाला. एकच रोखा मुदतीपर्यंत धरला तर मुद्दल ठरल्या दिवशी परत मिळते; फंडाला असा दिवस नसतो, कारण जुने रोखे जातात आणि नवे येत राहतात. ठेवपावतीवर मुदतीची तारीख पाहण्याची सवय असलेल्या आपल्या पिढीला हा फरक चटकन लक्षात येत नाही.

चिकोडी_करसल्ला

वरील उत्तरात कराचा मुद्दा राहिला आहे, आणि माझ्या मते गुरुजींच्या बाबतीत निर्णय तिथेच होतो. म्युनिसिपल रोख्यांचे व्याज अमेरिकेच्या केंद्रीय प्राप्तिकरातून मुक्त असते. आपल्याच राज्यातले रोखे असतील तर बहुधा राज्याच्या करातूनही. या सवलतीपोटी गुंतवणूकदार मुळातच कमी व्याज पत्करतो. वरच्या 37 टक्क्यांच्या टप्प्यातील माणसाला करमुक्त साडेतीन टक्के हे करपात्र साडेपाच टक्क्यांच्या बरोबरीचे पडतात, म्हणून जावयांचा हिशेब जुळतो. गुरुजी मात्र भारताचे निवासी करदाते आहेत. त्यांचे जगभरातील उत्पन्न भारतात करपात्र आहे आणि अमेरिकेची ही सवलत आपला प्राप्तिकर कायदा मानत नाही. म्हणजे व्याज सवलतीचे, कमी; आणि कर मात्र पूर्ण.

शिवाय उदारीकृत प्रेषण योजनेखाली (भारतीय निवाशांना परदेशी पैसे पाठवू देणारी रिझर्व्ह बँकेची योजना) वर्षाला 10 लाखांपेक्षा अधिक रक्कम गुंतवणुकीसाठी बाहेर पाठवली तर वरच्या रकमेवर 20 टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच वसूल होणारा आगाऊ कर, कापला जातो. तो विवरणपत्रात वळता करता येतो, पण तोवर पैसे अडकून राहतात.

एक बाजू न्यायाने सांगायला हवी. 2013 अखेर डॉलर सुमारे 62 रुपयांना होता आणि 2023 अखेर 83 च्या आसपास. त्यामुळे 10 वर्षांचे ते 3.03 टक्के रुपयांत मोजले तर सहा टक्क्यांच्या जरा वर जातात. पण 2013-14 मध्ये आपल्याकडच्या बँका दीर्घ मुदतीच्या ठेवींवर साडेआठ ते नऊ टक्के देत होत्या, हेही विसरू नये.

निपाणीकर

दोघांचेही मनापासून आभार. मग भारतातच असे काही आहे का? पुणे महापालिकेच्या रोख्यांविषयी वाचल्याचे आठवते.

खानापूर_अभियंता

आहे, पण दीर्घ इतिहास नाही. बेंगळुरू महापालिकेने 1997 मध्ये राज्य सरकारच्या हमीवर 125 कोटींचे रोखे काढले, तर अहमदाबादने 1998 मध्ये हमीशिवाय 100 कोटींचे. नंतर हा बाजार बरीच वर्षे जवळपास थंडच होता. 2015 मध्ये भांडवल बाजाराची नियामक सेबी हिने नियम केल्यानंतर 2017 मध्ये पुण्याने 24 तास पाणीपुरवठ्यासाठी 7.59 टक्के दराने 200 कोटी उभारले. (आपल्या बेळगावात काही प्रभागांना 24 तास पाणी मिळाले ते जागतिक बँकेच्या कर्जातून, तेही राज्य सरकारमार्फत. पालिकेने स्वतःच्या आर्थिक पतीवर कर्ज काढायचे म्हणजे आधी ताळेबंद वेळेवर लिहून तपासून घ्यावा लागतो आणि मालमत्ता करासारखे उत्पन्न एस्क्रो, म्हणजे फक्त परतफेडीसाठी राखलेल्या, खात्यात वेगळे बांधून ठेवावे लागते.)

पुण्याचे रोखे संस्थात्मक गुंतवणूकदारांसाठी होते. सामान्य माणसाला थेट अर्ज करता आला तो इंदूरच्या फेब्रुवारी 2023 च्या विक्रीत: व्याज 8.25 टक्के, दर सहा महिन्यांनी, किमान अर्ज 10,000 रुपयांचा, आणि प्रत्येक रोख्याची परतफेड 3, 5, 7 व 9 वर्षांनी चार समान भागांत. एनएसईचा म्युनिसिपल बाँड निर्देशांकही त्याच महिन्यात आला. तेव्हा त्यात 10 महापालिकांचे 28 रोखे होते आणि त्याची गणना 2021 पासूनचीच आहे. एवढ्यावरून दीर्घकालीन परतावा सांगणे म्हणजे एका पावसाळ्यावरून विहिरीचे पाणी जोखण्यासारखे आहे.

चिकोडी_करसल्ला

इंदूरसारख्या रोख्यांचे व्याज करपात्र आहे. उपकरासह 20 टक्क्यांच्या टप्प्यात 8.25 चे साधारण साडेसहा टक्के हातात राहतात, 30 टक्क्यांच्या टप्प्यात पावणेसहाच्याही थोडे खाली. शेअर बाजारात ते विकता येतात असे म्हणतात, पण उलाढाल इतकी कमी असते की घाईत विकणाऱ्याला भाव सोडावा लागतो. आणि गुरुजी, त्या दोन सोसायट्यांतील ठेवींकडेही पाहा. बँकेतील ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे, पतसंस्था किंवा सौहार्द सोसायटीतील ठेवीला ते नाही. न्यू जर्सीच्या फंडाचा विचार करण्याआधी ती रक्कम किती आहे आणि कोणत्या तारखांना मोकळी होते, हे मी पाहिले असते.