मदत हवी आहे: एसएपी, डिस्पॅच आणि ई-इनव्हॉइस जोडायला मधला प्लॅटफॉर्म घ्यावा का?

नमस्कार मंडळी,

चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका मध्यम कंपनीत मी आयटी सांभाळते. हिशेब, खरेदी, साठा सगळं एसएपी ईसीसी ६.० या एसएपीच्या जुन्या पिढीच्या सॉफ्टवेअरवर आहे. त्याच्याभोवती स्टोअर्सचं बारकोड ॲप, डिस्पॅचचं वेगळं सॉफ्टवेअर, क्वालिटीवाल्यांचं स्वतःचं, आणि ई-इनव्हॉइससाठीचा, म्हणजे बिल जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर नोंदवणारा जोडप्रोग्रॅम. हे सगळं एकमेकांना जोडणारं कोडिंग वर्षानुवर्षं ज्याला जसं सुचलं तसं झालंय. काही प्रोग्रॅम थेट बीएपीआय (बाहेरून एसएपीत काम करून घेणारी तयार फंक्शन्स) वापरतात, काही रात्री एफटीपीवर फाइल टाकतात, एक तर सरळ डेटाबेसच्या टेबलातून वाचतो. मटेरियल मास्टरमध्ये (मालाच्या मूळ नोंदींत) एक फील्ड बदललं तर कुठे काय अडेल, हे खात्रीने सांगणारं कोणी नाही.

मागच्या महिनाअखेरीला भरलेली गाडी संध्याकाळी गेटवर अडकली. बिल एसएपीत तयार होतं, पण आयआरएन (पोर्टल प्रत्येक बिलाला देतं तो नोंदणी क्रमांक) येईना. पोर्टलवर तो तयार झाला होता. उत्तर परत येताना कनेक्शन तुटलं. प्रोग्रॅमने बिल पुन्हा पाठवलं, तिकडून २१५० एरर आला, म्हणजे या बिलाचा आयआरएन आधीच निघालाय. आमच्या प्रोग्रॅमला त्यातलं ‘फेल’ एवढंच कळतं. डिस्पॅचवाल्यांनी घाईत एसएपीत बिल रद्द करून नव्या नंबरने काढलं, आणि पोर्टलवर जुनं तसंच राहिलं. अकाउंट्समधल्या मॅडमच्या लक्षात आलं म्हणून ते २४ तासांच्या आत रद्द झालं. त्यानंतर पोर्टलवर रद्द करता येत नाही आणि सगळी निस्तरानिस्तर जीएसटीआर-१ मध्ये (विक्रीच्या जीएसटी विवरणपत्रात) करावी लागते.

या प्रकारानंतर व्यवस्थापन ‘इंटिग्रेशन प्लॅटफॉर्म घ्या’ म्हणतंय, म्हणजे मधे राहून ही सगळी सॉफ्टवेअर्स जोडणारी तयार यंत्रणा. एका सल्लागाराने एसएपी इंटिग्रेशन सूट सुचवलं, दुसऱ्याने म्यूलसॉफ्ट, आणि आमच्याच टीममधला एक मुलगा अपाचे कॅमल या मुक्तस्रोत साधनावर घरीच बांधू म्हणतो. तिसरा मार्ग मला मनापासून आवडतो, पण तो मुलगा उद्या नोकरी सोडून गेला तर? शिवाय ईसीसीचा नेहमीचा मेंटेनन्स २०२७ अखेर संपतोय, एस/४ वर (एसएपीच्या नव्या पिढीवर) जावंच लागणार. मग जोडणीचं काम आत्ता करावं की त्याच वेळी? आणि सुरुवात कुठल्या इंटरफेसपासून करावी? ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

प्रतिसाद: जोडारी

ताई, थांबू नका, आत्ताच करा. नाहीतर एस/४ वर जाताना हाच गुंता उचलून तिकडे न्याल. मात्र एक पथ्य पाळा: डिस्पॅचच्या सॉफ्टवेअरला एसएपीच्या टेबलांची आणि फील्डांची नावं कळताच कामा नयेत. त्याने ‘या बिलाचा आयआरएन दे’ एवढंच मागावं. त्यामागे आज ईसीसी आहे, उद्या एस/४ येईल, बदल एकाच बाजूला होईल. तसंच नवं काम एसएपी पीओवर (एसएपीच्याच जोडणीच्या जुन्या सॉफ्टवेअरवर) अजिबात उभारू नका. त्याच्या ७.५ आवृत्तीचा मेंटेनन्सही २०२७ अखेरच संपतो.

तुम्ही सांगितलेली गडबड प्लॅटफॉर्म विकत घेऊन आपोआप जाणार नाही. आयआरएन हा विक्रेत्याचा जीएसटीआयएन, आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार आणि नंबर यांच्यावरून काढलेला ६४ अक्षरी हॅश असतो, म्हणजे त्याच माहितीतून दर वेळी तीच निघणारी खूण. म्हणून तेच बिल दहा वेळा पाठवलं तरी आयआरएन एकच. पोर्टलने दुबार नोंदीची सोय केलीय, तिचा फायदा घ्या. २१५० आला की तो अपयश धरू नका. आधीचा आयआरएन मागवून घ्या आणि बिलावर चढवा.

खरा धोका स्टोअर्सच्या जीआरएनमध्ये (माल आल्याच्या नोंदीत) आहे, कारण तिथे दुबार नोंद ओळखणारी अशी किल्ली तुम्हालाच द्यावी लागते. साठ्याची नोंद करणारं BAPI_GOODSMVT_CREATE दोनदा चाललं तर साठा दोनदा चढू शकतो, एसएपी आपणहून हटकेलच असं नाही. आम्ही पुरवठादाराचा एएसएन (माल निघाल्याची पूर्वसूचना) नंबर रेफरन्स डॉक्युमेंटच्या फील्डमध्ये घालतो आणि पोस्टिंगच्या आधी तो नंबर पडलाय का ते तपासतो. फील्ड १६ अक्षरांचं आहे, लांब नंबर असतील तर आधीच बघून घ्या.

सुरुवात ई-इनव्हॉइसपासूनच करा. गाडी अडते तेव्हा सगळ्यांना त्रास दिसतो, त्यामुळे इतर विभागांची साथ मिळते.

प्रतिसाद: मुळामुठा

वरच्याशी सहमत. भर एवढीच, की क्लाउड प्लॅटफॉर्मचं भाडं बऱ्याचदा संदेशांच्या संख्येवर ठरतं. बारकोडचं प्रत्येक स्कॅन वेगळा संदेश म्हणून पाठवलंत तर बिल फुगेल. पेटीनिहाय किंवा चलननिहाय गोळा करून पाठवा. कॅमल चांगलंच आहे, पण किमान दोघांना येत असेल तरच. आणि काहीही घ्या, अडकलेले संदेश दिसण्याची जागा आयटीच्या लॉगमध्ये ठेवू नका. डिस्पॅचच्या सुपरवायझरला त्याच्या स्क्रीनवर ‘बिल पोर्टलवर गेलंय, उत्तराची वाट आहे, नवीन काढू नका’ असं मराठीत दिसलं पाहिजे.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. स्क्रीनवरच्या सूचनेचं उद्याच डिस्पॅचवाल्यांशी बोलते. जोडारी, एक राहिलं: एकाच एएसएनचा माल दोन गाड्यांतून आला तर? आमच्याकडे पावसाळ्यात हे सर्रास होतं. रेफरन्समध्ये नुसता एएसएन ठेवला तर दुसऱ्या गाडीचा खरा जीआरएनच अडेल. तुम्ही गेट एन्ट्रीचा नंबर जोडता का?