मदत हवी आहे: पावसाळा लागला आणि उंचावरच्या कॉफीचा आंबटपणाच गायब! (घरची भाजणी, वेंगुर्ला)

नमस्कार मंडळी,

हिरवे दाणे आणून कॉफी घरी भाजणारं इथे कोणी असेल तर कृपया जरा डोकं लावा. मी वेंगुर्ल्यात राहते, घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. हे मुद्दाम आधीच सांगते, कारण माझा सगळा संशय त्यावरच आहे.

माल असा: बाबाबुडनगिरीच्या बाजूची अरेबिका, सिलेक्शन ९ जातीची, वॉश्ड (म्हणजे फळाचा गर धुऊन काढून मग वाळवलेली). पाकिटावर उंची १४०० मीटर लिहिली आहे. छोट्या बागेतला थोडकाच निघणारा माल, म्हणजे खिशाला चांगलीच चाट. सिलेक्शन ९ मध्ये इथिओपियाच्या ताफारीकेला या जातीचं रक्त आहे, त्यामुळे फुलांचा वास येतो म्हणतात. मार्च-एप्रिलमध्ये तो खरंच येत होता.

भाजणी बिडाच्या कढईत, गॅसवर. एका वेळी १२० ग्रॅम, हातात लाकडी कालथा, क्षणभरही थांबायचं नाही. कढईचा तळ २०० अंशाला आला (लांबून तापमान दाखवणारं यंत्र आहे) की दाणे आत. उंचावरचा दाणा सावकाश पिकतो, घट्ट असतो, त्याला सुरुवातीला दणकून आच लागते, म्हणून हा आकडा. एप्रिलपर्यंत साडेचार मिनिटांत दाणे पिवळे, नवव्या मिनिटाच्या आसपास पहिला तडतडाट (दाणे तापून फुटतात तो आवाज), त्यानंतर दीड मिनिटाने खाली. लगेच सुपात ओतून पंख्यासमोर पाखडायचे, फोलपटं अंगणभर. १२० चे १०४ ग्रॅम व्हायचे.

जुलैपासून सगळं बिनसलंय. गॅस तोच, कढई तीच, पण पिवळे व्हायलाच सहा मिनिटं लागतात. तडतडाट विझल्यासारखा, अधूनमधून एखादा. दाण्यांची टोकं काळी पडतात आणि दाणा फोडला तर आतून फिकट. रंग पूर्वीसारखा येईपर्यंत भाजलं तर १२० चे १०१ ग्रॅमच उरतात.

चव दोन दिवसांनी बघते, नेहमीच्या पद्धतीने: काचेच्या वाटीत ११ ग्रॅम जाडसर पूड, २०० मिली पाणी, ९३ अंश. चार मिनिटांनी वरचा थर चमच्याने मोडायचा, फेस काढायचा, कोमट झाली की भुरके मारायचे. मार्चमध्ये थर मोडताना मोसंबीच्या सालीचा वास नाकात शिरायचा, आणि निवत जाईल तशी गोडी वर यायची. आता नुसतं गोणपाट. कडू नाही, जळकी नाही, पण बेचव. निवल्यावर तर तोंडात घेववत नाही.

तर दाणे खराब झालेत की माझी भाजणी या हवेला चालत नाही? आणि उरलेल्या पाऊण किलोचं काय करू?

प्रतिसाद, पुणे

गॅस मोठा करा. सहा मिनिटं म्हणजे आच कमी पडतेय. एवढ्या वेळात दाणा भाजला जात नाही, शिजतो, आणि चव पावासारखी होते.

धागाकर्ती

करून पाहिलं. टोकं आणखी काळी, आतून तसाच फिकट.

प्रतिसाद, मालवण

आमच्याकडे पावसात पापड डब्यात सुद्धा मऊ पडतत, तुमच्या कॉफीची काय कथा! बाकी ता पाकीट सुक्या बोंबलांच्या शेजारी ठेवलास काय? हिरवी कॉफी वास ओढून घेता म्हणे.

धागाकर्ती

😄 नाही हो, सुकं सगळं माळ्यावर आहे, कॉफी आतल्या कपाटात. पाकीट कागदी, वर झिप. तशा चार पुड्या आल्या होत्या.

प्रतिसाद, कुडाळ

ताई, तुमच्या वजनातच उत्तर आहे. १२० चे १०४ म्हणजे घट तेरा टक्क्यांच्या जरा वर. आता १०१, म्हणजे जवळजवळ सोळा. रंग तोच असेल, तर जास्तीचे तीन ग्रॅम बहुतेक पाणीच आहे. चांगल्या हिरव्या दाण्यात १० ते १२ टक्के ओलावा असतो. तुमचा आता तेरा-चौदाच्या घरात गेला असणार.

मी काही वर्षं चिकमगळूर-मंगळूर भागात या धंद्यात होतो, म्हणून सांगतो. तुमच्या कपाटात जे आपोआप झालंय, ते तिकडे मुद्दाम करतात. मॉन्सून्ड मलबार ऐकली असेल. जहाजं शिडाची होती तेव्हा कॉफी युरोपात पोचायला महिनोन्‌महिने लागत. वाटेत दमट हवा खाऊन दाणे फुगत, पिवळट पडत, आंबटपणा जाई. सुएझचा कालवा झाला (१८६९), आगबोटी आल्या, माल हिरवागार पोचू लागला, तर तिकडच्या लोकांना जुनीच चव हवी. मग किनाऱ्यावरच्या गोदामांत जून ते सप्टेंबर दाणे पसरून, वरखाली करून, गोणीत सैल भरून पावसाळी वारा खाऊ घालायची पद्धत पडली. आंबटपणा मारणं हाच तिथला उद्देश. त्यासाठी बहुतेक फळासकट वाळवलेला माल घेतात. तुमच्यासारखी वॉश्ड, नाजूक वासाची कॉफी त्यात घालणं म्हणजे वाया घालवणंच.

आता भाजणीचं. फुगलेला दाणा घट्ट राहत नाही. २०० अंशाची कढई मार्चच्या दाण्याला बरोबर होती, आताच्या दाण्याला नाही. आतलं पाणी निघायला वेळ लागतो, तोवर बाहेरून आच जास्त, म्हणून टोकं करपतात. गॅस वाढवला की आणखी करपतात. १६५-१७० ला दाणे टाका, घाण्यात ९० ग्रॅमच घ्या, पिवळे होईपर्यंत मध्यम आच, आणि पिवळे झाल्यावर वाढवा.

पण त्याआधी एक करा. न फोडलेली पुडी आहे का एखादी? असेल तर एकाच फुलपात्रात दोन्ही दाणे आळीपाळीने काठोकाठ भरून, वर सपाट करून वजन घ्या; फुगलेले असतील ते हलके भरतील.

प्रतिसाद, रत्नागिरी

वजन करताय तोवर पाण्याचंही बघा. आमच्या विहिरीचं पाणी मे महिन्यात मचूळ होतं आणि जुलैत जवळजवळ पावसाचंच. क्षार फार असले तरी आंबटपणा मरतो, अजिबात नसले तरी कॉफी पोकळ लागते. चाखताना बाटलीचं पाणी घ्या, म्हणजे एक शंका मिटेल.

धागाकर्ती

चार पुड्यांतली एक खरंच सीलबंद होती, प्लास्टिकच्या डब्यात. फुलपात्रात तिचे दाणे १४२ ग्रॅम भरले, फोडलेल्या पुडीतले १३३. नुसते शेजारी ठेवले तरी कळतं: सीलबंद दाणे निळसर हिरवे, मधली रेघ घट्ट मिटलेली. दुसरे फिकट, पोट सुटल्यासारखे, रेघ उघडलेली.

मग दोन्ही भाजले. सीलबंद दाण्यांचा घाणा जुन्याच पद्धतीने, २०० अंशाला. तडतडाट खणखणीत, नवव्या मिनिटाला. फुगलेल्यांचा कुडाळच्या दादांनी सांगितला तसा, १७० अंशाला. टोकं या वेळी काळी नाहीत, आतूनही रंग सारखा. दोन्ही एकाच बाटलीच्या पाण्यात चाखल्या. रत्नागिरीकर, पाण्याचा दोष नव्हता: सीलबंद पुडीत मोसंबी आहे, फूल आहे, सगळं आहे. दुसऱ्या वाटीत गोणपाट बरंच कमी झालं, थोडी गोडीही आली, पण आंबटपणा शून्य. घरच्यांना मात्र तीच जास्त आवडली! म्हणे, ही कॉफीसारखी लागते.

हे दाणे परत वाळवले तर काही फायदा? ओव्हन आहे.

प्रतिसाद, कुडाळ

पाणी जाईल, गेलेला वास यायचा नाही. त्या फंदात पडू नका. घरच्यांचं बरोबर आहे: फुगलेला माल जरा जास्त भाजा, दुसरा तडतडाट सुरू होतो न होतो तोच उतरवा आणि फिल्टरला वापरा. दुधात उत्तम लागेल. थोडी रोबस्टा (कॉफीची दुसरी, कडक जात) मिसळली तर आणखी दाटपणा येईल.

सीलबंद माल मात्र आजच लहान पुड्यांत विभागा. एक पुडी म्हणजे एक घाणा. हवा काढून सील करता आली तर बेस्ट, नाहीतर जाड प्लास्टिकची पिशवी दाबून बंद करा, ती स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. डब्यात दमटपणा मोजणारं छोटं यंत्र टाका, ऑनलाइन स्वस्तात मिळतं. काटा साठ टक्क्यांच्या आत हवा. आपल्याकडे आगोटीची बेगमी मेमध्येच होते, कॉफीचीही तेव्हाच करायची.

धागाकर्ती

मनापासून आभार. डीप फ्रीझरमध्ये ठेवले तर? आमच्याकडे मासळीसाठी वेगळा आहे, पण लाईटचा भरवसा नाही.

प्रतिसाद, कुडाळ

फ्रीझर चालतो, हवाबंद असेल तरच. मासळीसोबत असेल तर दोनदा हवाबंद! बाहेर काढल्यावर पुडी लगेच फोडू नका. रात्रभर तशीच राहू द्या, घरातल्या हवेइतकी झाली की मग कात्री लावा. थंड दाण्यावर या हवेत लगेच दव धरतं. दिवसाचे चार-चार तास लाईट जात असेल तर फ्रीझरचा नाद सोडा, डबाच बरा.