एलएलबीच्या वर्गात खरंच किती जण बसतात? शिकवतात कसं?

बीकॉम_झालं_पुढे_काय

नमस्कार मंडळी. सीईटी झाली. तीन वर्षांच्या एलएलबीला दोन ठिकाणी नंबर लागेल असं दिसतंय. एक पुण्यातलं मोठं कॉलेज, तीन तुकड्या, म्हणजे वर्षाला १८० पोरं. दुसरं आमच्याच जिल्ह्याच्या गावी, एकच तुकडी. घरचे म्हणतात पुण्याला जा. काका कोर्टात कारकून आहेत, ते म्हणतात, "वकिली कॉलेजात शिकत नसतात, कुठंही जा, पास हो."

मला वेगळंच विचारायचंय. एवढ्या गर्दीत सर नावानं ओळखतात का? शंका विचारता येते का? माझं बारावीपर्यंत सगळं मराठीतून झालंय, तेव्हा इंग्रजीतून शिकवलं तर डोक्यावरून जाईल का?

निशाणी_५

काकांचं अर्धं खरं आहे. मी तालुका कोर्टात सहा वर्षं प्रॅक्टिस करते. एलएलबीला बसले तेव्हा तेहेतीस वर्षांची होते, पोरगी दुसरीत. तिला शाळेच्या रिक्षात बसवून मी कॉलेजची एसटी धरायचे.

आधी आकड्याचं. बार कौन्सिलच्या (वकिलीच्या शिक्षणाचे नियम ठरवणारी संस्था) २००८ च्या नियमांत एक तुकडी ६० ची धरलेली आहे. त्यामुळे १८० जण एका हॉलमध्ये कोंबतील ही भीती सोड. पण ६० वर तरी कुठं विश्वास ठेवायचा? आमच्या हजेरीपटावर ६० नावं. पहिल्या आठवड्यात बाकं कमी पडली. गणपती झाले, बावीस उरलो. दिवाळीनंतर नऊ. त्या नऊ जणांची नावंच काय, डब्यातल्या भाज्यासुद्धा मला आठवतात. बाकीचे थेट परीक्षेला उगवले. शेजारच्या बाकावरच्या बाईंना मी विचारलं, "तुम्ही कुठल्या कॉलेजच्या?" त्या म्हणाल्या, "अहो, तुमच्याच वर्गात आहे मी." ७० टक्के हजेरीचा नियम आहे ना, आहे की. कागदावर सगळ्यांची भरली.

शिकवणं म्हणशील तर एक सर वही उघडून "लिहून घ्या" म्हणायचे, आम्ही लिहून घ्यायचो. त्यांच्याबद्दल इतकंच.

दुसरे सर प्रॅक्टिस करणारे. सकाळी आठचा तास घ्यायचे आणि तिथून कोर्ट गाठायचे. गळ्यात लावायचा वकिलाचा पांढरा बँड शर्टाच्या खिशात घडी करून ठेवलेला. कराराच्या पहिल्या तासाला त्यांनी खिशातून लाँड्रीची पावती काढली आणि मला म्हणाले, "मागं काय छापलंय, वाचा." कपडे हरवल्यास, जळाल्यास दुकानदार जबाबदार नाही. "ही अट तुम्ही मान्य केली का? कधी केली? सही कुठाय?" पाऊण तास आम्ही भांडलो. एक जण तर स्वतःच्या जळालेल्या पँटवर आला. त्यानंतर सर १८७७ च्या पार्करच्या खटल्याकडे वळले, रेल्वेच्या क्लोकरूमच्या पावतीकडे. कलमं सगळ्यात शेवटी. मी अजून पावती उलटी करून वाचते, नवरा हसतो.

ड्राफ्टिंगला, म्हणजे दावे-अर्ज लिहायच्या विषयाला, त्यांनी बांधाच्या वादाचा दावा लिहायला दिला. मी तीन पानं भरून नेली, चांगल्या अक्षरात. परत आली ती लाल शाईनं माखून. "चतुःसीमा?" (जमिनीच्या चारी बाजूंना काय आहे ते.) "दाव्यास कारण कधी घडलं?" "कोर्ट फी कशावर आकारली?" आणि शेवटच्या विनंतीपाशी, "काय मागताय ते तुम्हाला तरी कळलं का?" चार वेळा लिहिला. आज तूर्तातूर्त मनाईचा, म्हणजे निकाल लागेपर्यंत समोरच्याला थांबवायचा, अर्ज लिहायला घेतला की हात आधी चतुःसीमेकडे जातो. (माझं इथलं नाव त्या अर्जावरूनच आहे, दाव्याच्या कागदांत त्याला बहुधा निशाणी ५ हाच नंबर पडतो.) एकदा मी त्यांना म्हटलं, सर, बाकीचे येत नाहीत याचं वाईट वाटतं. ते म्हणाले, "साठ आले असते तर मी पण लिहूनच दिलं असतं."

इंग्रजीचं. आमच्या विद्यापीठात पेपर मराठीतून लिहायची मुभा होती, मी लिहिले. पण वरच्या कोर्टांचे बहुतेक निकाल इंग्रजीतच वाचावे लागतात, त्याला पळवाट नाही. द्विभाषी बेअर अ‍ॅक्ट (नुसत्या कायद्याच्या कलमांचं पुस्तक) घे, एक पान इकडे एक पान तिकडे. खालच्या कोर्टात कैफियत, जबाब, उलटतपास असं बरंचसं मराठीतच चालतं. तिथं तुझं मराठी शाळेतलं शिक्षण कामी येईल, कॉन्व्हेंटवाले माझ्याकडे येतात फेरफार वाचून घ्यायला.

तासिकावाला_मास्तर

ताई, तुमचे सर नशिबानं मिळतात. मी दुसऱ्या बाजूचा. चार वर्षं तासिका तत्त्वावर शिकवतोय. पैसे तासाचे मिळतात, फायली तपासायचे नाहीत. ६० पोरं, दोन विषय, १२० फायली. पहिल्या वर्षी सगळ्या वाचल्या, बायको बोलायची बंद झाली. आता खरं सांगतो, पाने चाळतो नि सही करतो.

त्यात १ जुलै २०२४ ला तिन्ही फौजदारी कायदे बदलले. आदल्या रात्री मी शिकायचं, सकाळी शिकवायचं. पोरं विचारतात, सर, ४२० गेलं का? गेलं, आता ३१८. पण जुन्या तारखेच्या गुन्ह्यांना जुनाच कायदा, म्हणून दोन्ही शिकवतो. तास तेवढेच.

भावा, कॉलेज बघायला गेलास तर मागच्या वर्षीच्या कुणाची तरी ड्राफ्टिंगची फाईल मागून घे. लाल शाई आतल्या पानांवर आहे की नुसती शेवटच्या पानावर सही, ते बघ.

पाच_वर्षं_होस्टेल

मी राष्ट्रीय विधी विद्यापीठात होतो. (महाराष्ट्रात मुंबई, नागपूर, संभाजीनगर अशी तीन आहेत, पण बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या कोर्सला क्लॅट ही प्रवेश परीक्षा लागते, तुझी ती गाडी गेली.) आमच्याकडेही तुकडी ६० चीच, फरक एवढाच की साठच्या साठ बसलेले असायचे, हजेरीत दयामाया नव्हती. प्रत्येक विषयाला प्रोजेक्ट, मग त्यावर तोंडी. मॅडम तळटीप काढून विचारायच्या, हा निकाल खरंच वाचलास का? घाम फुटायचा.

पण मूट कोर्टच्या (लुटुपुटूचा खटला लढवायच्या स्पर्धेच्या) संघात मोजकेच, बाकी आम्ही टाळ्या वाजवायला. फी लाखांत. आणि पाच वर्षांत वीस आठवडे इंटर्नशिप करायची असते, त्यातले चार मी गावच्या कोर्टात काढले, तर वकालतनाम्यावर तिकीट कुठं लावायचं हे मला शिपायानं दाखवलं.

बीकॉम_झालं_पुढे_काय

सगळ्यांचे आभार. मास्तर, फाईलचं डोक्यात बसलं. जिल्ह्याच्या कॉलेजात काकांची ओळख आहे, सोमवारी सकाळच्या तासाला मागच्या बाकावर बसून येतो. पुण्यालाही एक चक्कर मारीन म्हणतो. निशाणीताई, अजून काय बघू?

निशाणी_५

आठच्या आधी पोच, डोकी मोज. आणि कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याला विचार, गाईडं कुठल्या विषयांची जास्त जातात. ज्या विषयाचं गाईड पडून राहतं, तो कोण शिकवतं ते शोध आणि त्यांच्या तासाला बस. पुण्यात बसायला कुणी अडवलं तर काकांचं नाव सांगू नकोस, तिथं चालायचं नाही ते.