लहान मंडळाने पर्यावरणाचे काम कोठून सुरू करावे?

प्रश्न (एक कार्यकर्ता, सदाशिव पेठ)

आमच्या मंडळाची मोठी मूर्ती कायमस्वरूपी असून विसर्जन फक्त पूजेच्या लहान मूर्तीचे होते, त्यामुळे आपण नदीला त्रास देत नाही अशी आमची समजूत होती. मात्र गेल्या वर्षी वाड्यांतील आणि आसपासच्या सोसायट्यांतील घरगुती मूर्तींसाठी आम्ही हौद ठेवला, तेव्हा त्यांतील बहुतेक मूर्ती प्लास्टर ऑफ पॅरिसच्या निघाल्या, आणि शेजारी निर्माल्याची जी पोती साचली त्यांत हार, दोरे, प्लास्टिकच्या पिशव्या आणि नारळ एकत्रच होते. वर्गणी मर्यादित आहे. आधी मूर्तींकडे लक्ष द्यावे की निर्माल्याकडे?

उत्तर (रसायनशास्त्राच्या निवृत्त अध्यापिका, औंध)

मूर्तींविषयी सांगते. घट्ट झालेले प्लास्टर म्हणजे जिप्सम. ते एक लिटर पाण्यात जेमतेम दोन ग्रॅम विरघळते, म्हणून हौदात दिवसेंदिवस ठेवूनही मूर्ती तशीच राहते. आपल्या पुण्यातीलच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने यासाठी अमोनियम बायकार्बोनेटची पद्धत सुचवली आहे. मूर्तीच्या वजनाइतकी ही पावडर पाण्यात मिसळून मूर्ती त्यात बुडवायची आणि दर दोन-तीन तासांनी ढवळायचे. लहान मूर्ती साधारण दोन दिवसांत विरघळते. तळाशी कॅल्शियम कार्बोनेटचा गाळ बसतो आणि पाण्यात अमोनियम सल्फेट उरते, जे खत म्हणून वापरले जाते. मात्र हे काम उघड्यावरच करावे, कारण अमोनियाचा वास तीव्र असतो. शिवाय मूर्तीवर रासायनिक रंग असतील तर ते पाणी भाजीपाल्याला घालू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे; हौदात मूर्ती विरघळली म्हणजे रंगही नाहीसे झाले, असे होत नाही.

उत्तर (सोसायटीच्या खत प्रकल्पाचे काम पाहणारी, कोथरूड)

माझ्या मते आपण निर्माल्यापासून सुरुवात करावी, कारण मूर्ती वर्षातून एकदाच येते, पण आरतीनंतरचे हार आणि दूर्वा दहाही दिवस रोज जमतात. फुलांत ओलावा आणि नत्र भरपूर असते. नुसती फुले पिंपात भरली तर तिसऱ्या दिवशी दुर्गंधी सुटते आणि मग शेजारीच प्रकल्प बंद पाडतात. एक थर फुले आणि त्यावर सुक्या पानांचा जाड थर असा क्रम ठेवल्यास कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण तिसास एक याच्या जवळपास राहते. पुण्यात सुकी पाने पदपथावर हवी तेवढी मिळतात, आणि ती जाळण्यापेक्षा पिंपात गेलेली केव्हाही चांगली.

मात्र सर्वांत महत्त्वाचे काम पिंपाच्या आधीचे आहे. दोरा, जरीची पट्टी आणि पिशवी वेगळी करण्याचे काम देवापुढेच, हार उतरवताना व्हायला हवे. ते न झाल्यास सारा भार कचरावेचक भगिनींवर पडतो. २००८ पासून ‘स्वच्छ’ ही त्यांचीच सहकारी संस्था महापालिकेशी करार करून शहरात घरोघरचा कचरा गोळा करते. कुजलेल्या फुलांतून हाताने दोरे ओढायला लावणे म्हणजे आपल्या भक्तीची उस्तवार त्यांच्या माथी मारणे होय, हे मला मनापासून खटकते. उरुळी देवाची आणि फुरसुंगी येथील ग्रामस्थांनी शहराचा कचरा किती वर्षे सोसला, हेही मंडळाच्या बैठकीत एकदा बोलले जावे.

पुन्हा प्रश्नकर्ता

दोघींचेही आभार. मंडपात हार उतरवण्याच्या जागी कात्री आणि दोन टोपल्या ठेवण्याचे, तसेच रोज दोन कार्यकर्त्यांची नावे फलकावर लिहिण्याचे आम्ही ठरवले आहे. अमोनियम बायकार्बोनेट यंदा एकाच पिंपात वापरून पाहू आणि मोठा हौद पुढच्या वर्षीसाठी ठेवू. सुक्या पानांची पोती मात्र उत्सवाआधी किती दिवसांपासून साठवावी लागतील?

उत्तर (कोथरूड)

भाद्रपदात पाने भिजलेली असतात, त्यामुळे उन्हाळ्यातच भरून कोरड्या जागी ठेवा. यंदा उशीर झाला असेल तर सुताराकडील लाकडाचा भुसा चालेल, परंतु तो प्लायवुडचा नसावा.