मदत हवी आहे: बंद घराच्या गडग्यालगत (दगडी कुंपणालगत) कोणती फुलझुडपं तगतील?

रत्नागिरीजवळच्या गावच्या घरी गडग्याच्या आत साधारण ४० फूट लांब, ३ फूट रुंद पट्टा मोकळा आहे. तिथे कायमची फुलझुडपं हवी आहेत. जमीन जांभ्याची, वर जेमतेम दीड फूट माती. उतार असल्याने पावसाळ्यात पाणी साचत नाही, पण फेब्रुवारीनंतर दिवसभर ऊन आणि खालून कातळ तापलेला. घर गणपती आणि मे महिना सोडून बंदच असतं. शेजारचे काका उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा पाणी घालतात, त्यांच्यावर आणखी भार टाकायचा नाही.

जास्वंद लावून झाली. पावसात सुंदर वाढली, पुढे पिठ्या ढेकूण पडला. निंबोळी अर्क पुन्हा पुन्हा फवारायला तिथे कुणी नसतं. तगर छान तगली आहे, पण सगळा पट्टा पांढरा नको. कण्हेर विषारी आणि मेमध्ये घर लहान मुलांनी भरलेलं, म्हणून नको. घाणेरी रानात पसरते, तीही नको. मागे खिडक्या आहेत, त्यामुळे उंची ४-५ फूटच हवी. गुरं आत येत नाहीत, वानर मात्र येतात आणि कोवळे शेंडे खातात.

मला मनापासून पेंटगूळ (इक्झोरा) लावायची आहे. ती आपल्या कोकणातलीच, लाल झुबक्यांवर फुलपाखरंही येतात. रानातल्या पेंटगुळीची फांदी जूनमध्ये लावली तर जगते का, की नर्सरीतलं वाढलेलं रोपच घ्यावं? आठवड्याच्या एका पाण्यावर ती पहिला उन्हाळा काढेल का? आणि वानर जिला तोंड लावत नाहीत अशी तिच्या जोडीला कोणती रंगीत झुडपं तुमच्याकडे टिकली आहेत?