पेपर सारखा, तयारी नाही

‘पेपर सगळ्यांना सारखाच असतो, मग विषमता आली कुठून?’ असं नीटबद्दल, म्हणजे वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षेबद्दल, कुणीतरी विचारलंय. मी तालुक्याच्या गावी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो, त्यामुळे राहवलं नाही.

नीटमध्ये १८० मिनिटांत १८० प्रश्न. नुसता विषय येऊन भागत नाही, वेगाचा सराव लागतो, आणि तो सराव विकत मिळतो. माझ्या एका विद्यार्थिनीचे आईवडील ऊसतोडीला जायचे. तिच्याकडे लातूरला शिकून आलेल्या एका मुलीचा जुना प्रश्नसंच होता. पेन्सिलीने सोडवायचं, खोडायचं, पुन्हा सोडवायचं. काही पानं खोडून खोडून विरली होती. पहिल्या खेपेला थोडक्यात हुकलं. अशा वेळी ऐपत असलेल्या घरातली मुलं वर्षभर रिपीट करतात. शहरात खोली, मेस, टेस्ट सिरीज, सगळं असतं. हिला घरी ‘अजून एक वर्ष’ म्हणायचीही सोय नव्हती. आता बीएस्सी करतेय. हुशारीत ती कुठेही कमी नव्हती, हे मी छातीठोकपणे सांगतो.

परीक्षाच नको असं माझं म्हणणं नाही. नुसत्या बारावीच्या गुणांवर प्रवेश दिले तर कॉपीचा प्रश्न आहेच. पण तमिळनाडूने २०२० मध्ये, सहावी ते बारावी सरकारी शाळेत शिकून नीट पात्र ठरलेल्या मुलांसाठी वैद्यकीय प्रवेशात ७.५ टक्के जागा राखल्या. आपल्याकडे माध्यमिक शाळा बहुतांशी खासगी अनुदानित आहेत, त्यामुळे निकष वेगळा लावावा लागेल. पण तो ठरवायला बसायला तरी काय हरकत आहे?