पवित्र शास्त्र घटनाक्रमाने वाचावे का?

धागा मांडणारी, शाहूपुरी :
आमच्या मंगळवारच्या अभ्यासगटात यंदा पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, छापील क्रमाने न वाचता, घटना ज्या क्रमाने घडल्या त्या क्रमाने वाचत आहोत. गेल्या आठवड्यात 2 शमुवेल 12 झाला. दावीद राजाने बथशेबेसाठी तिचा नवरा उरीया याला मारवल्यावर नाथान संदेष्टा त्याला गरिबाच्या एकुलत्या एका मेंढीची गोष्ट सांगतो आणि राजाच्याच तोंडून राजाचा निवाडा करवून घेतो, तो हा अध्याय. लगेच पुढे स्तोत्र 51 घेतले. ते लहानपणापासून पाठ असलेल्या एक आजी रक्तपाताच्या दोषाचा उल्लेख असलेल्या चौदाव्या ओवीपाशी थांबल्या, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "म्हणजे उरीयाला मारल्यावरचं हे होय!" छापील क्रमात या दोन पानांत शेकडो पानांचे अंतर असते. सामान्य वाचकासाठी घटनाक्रमच योग्य, असे माझे मत आहे.

प्रतिसाद, निवृत्त शिक्षक, राजारामपुरी :
असहमत. यिर्मयाच्या पुस्तकात एकविसावा अध्याय सिद्कीया राजाच्या काळातला, तर पंचविसावा त्याच्या आधीच्या यहोयाकीमाच्या काळातला आहे. तेव्हा कालक्रम हा त्या पुस्तकाच्या मांडणीचा पाया नव्हेच. शमुवेल आणि इतिहास या पुस्तकांची सरमिसळ तर अधिक घातक आहे. 2 शमुवेल 11 च्या आरंभी सैन्य लढाईला जाते, दावीद यरुशलेमेत राहतो आणि बथशेबाचे प्रकरण सुरू होते. 1 इतिहास 20 चा आरंभ जवळजवळ त्याच शब्दांत होतो, पण लेखक तिथून थेट राब्बा नगराच्या पाडावावर जातो. बथशेबा नाही, उरीयाचा खूनही नाही. हे मौन त्या लेखकाचे म्हणणे आहे, आणि दोन्ही पुस्तके एकत्र गुंफली की ते ऐकूच येत नाही. येशूचे चरित्र सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांचेही तेच. दुसऱ्या शतकात तातियान या ख्रिस्ती लेखकाने चारांची एक सलग कथा केली. सिरियातील मंडळ्यांत ती पुष्कळ काळ वाचली गेली, पण पाचव्या शतकात तिथल्या बिशपांनी ती बाजूला सारून चार स्वतंत्र पुस्तके पुन्हा आणली. तांबडा आणि पांढरा रस्सा एकाच वाटीत ओतल्यावर चव कशाची सांगणार?

धागा मांडणारी :
उपमा रुचकर आहे, परंतु छापील क्रम तरी कोणत्या तत्त्वावर उभा आहे? प्रेषित पौलाची मंडळ्यांना लिहिलेली पत्रे साधारण लांबीनुसार लावलेली आहेत. म्हणून रोमकरांस पत्र आधी येते आणि त्याच्या कितीतरी आधी लिहिलेले 1 थेस्सलनीकाकरांस मागे पडते. हाग्गय संदेष्ट्याच्या पुस्तकाचे दोन अध्याय एज्राच्या पाचव्या अध्यायाशेजारी ठेवून पाहा. थांबलेले यरुशलेमेच्या मंदिराचे काम इ.स.पू. 520 मध्ये का सुरू झाले, ते तेव्हाच उमगते.

प्रतिसाद, कसबा बावडा :
ईयोबाचे पुस्तक कुठे ठेवता? त्यात ना राजाचे नाव, ना सन. घटनाक्रमाने वाचण्याची बहुतेक वेळापत्रके त्याला अब्राहामाच्या आसपास बसवतात, तो केवळ तर्क आहे.

धागा मांडणारी :
ईयोब आम्हीही तिथेच वाचला, आणि तो तर्क आहे हे गटात सांगायचे राहिले, हे कबूल. इतिहासाच्या पुस्तकातील मौनाचा मुद्दाही पटला. पुढच्या मंगळवारी 1 इतिहास 20 स्वतंत्र वाचू. स्तोत्र 51 मात्र नाथानाच्या मागेच राहील.

निवृत्त शिक्षक :
राहू द्या, त्या स्तोत्राच्या शीर्षकातच नाथानाचा उल्लेख आहे. पण मग अठराव्या ओवीपाशीही थांबा. तिथे यरुशलेमेचे कोट बांधण्याची विनवणी आहे, आणि दावीदाच्या काळात ते पडलेले नव्हते. ती विनवणी कोणाची असेल, हे त्या आजींना अवश्य विचारा.